शेवटचा भागाकार राहिलेली संख्या

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. किती जुनी ते मात्र विचारू नका, कारण संख्यांना जन्मतारीख नसते. मोजणारं कुणी नव्हतं तेव्हाही मी माझ्या जागेवर उभी होते. एका बाजूला माझ्याहून एकने लहान, दुसऱ्या बाजूला एकने मोठी, अशा दोघी शेजारणींच्या मध्ये. माझं पूर्ण नाव नऊ कोटी सत्त्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार आठशे अकरा. आकड्यांत ९,९७,९९,८११. एका दमात म्हणून पाहा, म्हणजे माझा थाट कळेल.

पण नुसतं असणं वेगळं आणि कुणाच्या तरी हाती लागणं वेगळं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते शिलाई मशीनच्या एका कारखान्यात. तिथे एका लांब टेबलाशी ठसेवाले काका बसत. प्रत्येक मशीनसाठी एक पितळी पट्टी असे. ते एकेक आकड्याचा पोलादी ठसा पट्टीवर धरत आणि वरून हातोडीचा एकच घाव घालत. दुसरा घाव घालायची पाळी त्यांच्यावर कधी येत नसे. माझा कागद समोर आला तेव्हा ते शेजाऱ्याला म्हणाले, "हिला चार नऊ लागतात. ही आज माझा नऊचा ठसा झिजवणार."

आठ घाव पडले आणि मी पितळेवर उमटले. सगळे आकडे एका रेषेत, एका उंचीचे. तेव्हाच मला वाटलं होतं, आपण साध्यासुध्या नाही.

माझं मशीन एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आलं. दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, भिंतीला मोठा आरसा, आणि दोरीवर अर्धवट शिवलेल्या कपड्यांची रांग. बाईंचं लग्न झालं नव्हतं. गळ्यात मोजायची टेप, तोंडात दोन टाचण्या आणि त्याही अवस्थेत बोलणं चालू, अशी त्यांची मूर्ती. त्यांनी शाळेचे गणवेश शिवले, पडदे शिवले, उशांचे अभ्रे तर किती शिवले त्याला सुमार नाही. रोज सकाळी मशीनला तेल घातलं की तोच फडका त्या माझ्या पट्टीवरून फिरवत. त्यामुळे मी लखलखत राहिले. पण वीस वर्षांत मला कुणी वाचलं नाही. एकदा दुरुस्तीवाल्याने पावतीवर उतरवून घेतलं, तेही एक नऊ गाळून. त्या दिवशी मला फार लागलं.

मग बाईंचे थोरले भाऊ त्यांच्याकडे राहायला आले. ते शाळेत गणिताचे मास्तर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता नोकरीही संपली होती. शाळेत मुलं त्यांना पाठीमागे 'भागाकारमास्तर' म्हणत. कारण वर्गात आल्या आल्या फळ्यावर एक लांबलचक भागाकार घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बहिणीला ते 'धाकटे' म्हणून हाक मारत. धाकटी तेव्हा पंचावन्न वर्षांची होती.

मास्तरांची खुर्ची मशीनसमोर आली. रिकामा माणूस समोर जे दिसेल ते वाचतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "धाकटे, तुझ्या मशीनवरची संख्या कशाने भागली जाते गं?"

"मला काय ठाऊक? मी कापड कापते, आकडे नाही," धाकटी म्हणाली.

मास्तरांनी मला तपासायला घेतलं. मी विषम, म्हणून दोन बाद. माझ्या अंकांची बेरीज त्रेपन्न, म्हणून तीन बाद. शेवटी एक असल्यामुळे पाच बाद. सातने भागलं तेव्हा बाकी सहा उरली. अकराला वाटलं होतं की जमेल, पण त्याच्याही हातात एक उरलाच. तेरा आला, सात बाकी ठेवून गेला. सतरा आला, दोन ठेवून गेला. मास्तरांचे डोळे चमकू लागले.

"ही मूळ संख्या दिसते," ते म्हणाले. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कुणीही निःशेष भागू शकत नाही, ती. मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. तुम्ही म्हणाल, तुला तुझे स्वतःचे अवयव ठाऊक नव्हते का? पण आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला कुठे दिसतो? तो दुसऱ्यानेच पाहून सांगावा लागतो.

मास्तरांनी जाडजूड वही शिवून घेतली. हिशेब असा होता. माझे दोन भाग पडत असतील, तर त्यातला एक तरी माझ्या वर्गमुळाहून लहान असणार. माझं वर्गमूळ दहा हजारांच्या किंचित अलीकडे. म्हणजे दहा हजारांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी मला भागून पाहायचं. त्या संख्या एक हजार दोनशे एकोणतीस. मास्तरांनी त्यांची यादी आधी स्वतःच्या हाताने काढली, मग रोज सकाळी चहा झाला की दहा भागाकार. ना एक कमी, ना एक जास्त.

महिना झाला, दोन झाले. धाकटी पायाने मशीन चालवता चालवता म्हणायची, "दादा, ती संख्या आहे की जावई? रोजचा एवढा पाहुणचार."

"जावई बरा. तो निदान कधीतरी आपल्या घरी जातो," मास्तर म्हणायचे आणि पुन्हा वहीत डोकं घालायचे.

चार महिने लोटले. एकशे तेविसाव्या दिवशी नऊच भागाकार उरले. त्या सकाळी मास्तरांनी नवा सदरा घातला होता. ९९०१ ने भागलं, बाकी उरली. ९९०७, बाकी उरली. असे आठ झाले. यादीत शेवटची एकच संख्या राहिली, ९९७३. मास्तरांनी तिच्यासमोर माझं नाव लिहिलं, भागाकाराची रेघ ओढली, आणि तेवढ्यात दारात मोठ्या बाई आल्या.

मोठ्या बाई म्हणजे मास्तरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मास्तरांच्या या वहीची गोष्ट शाळेत पोहोचली होती. त्या घाईत होत्या. "मास्तर, झाली का हो तुमची संख्या?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं. "शाळेचं नवं सभागृह बांधायला घेतलंय. दर्शनी भिंतीवर तुमची संख्या मोठ्या अक्षरांत लिहायची, असं समितीत म्हणणार आहे. खाली तुमचं नाव. बैठक आत्ता अर्ध्या तासात आहे. पक्कं सांगा, मूळ आहे ना?"

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. बाराशे अठ्ठावीस भागाकार झाले होते. बाराशे अठ्ठावीस जणी हात टेकून परत गेल्या होत्या.

"आहे," ते म्हणाले. "पक्की."

मोठ्या बाई निघून गेल्या. मास्तरांनी पेन उचललं, ९९७३ च्या पुढे बरोबरची खूण केली आणि वही मिटली. रेघेखालची जागा कोरीच राहिली. हे मी पाहिलं. पण मी गप्प बसले. मलाही ते ऐकायला गोड वाटत होतं.

पुढची दोन वर्षं म्हणजे माझा सुवर्णकाळ. शाळेच्या मैदानावर माझं नाव सगळ्यांना ऐकवण्यात आलं. मुलंमुली घोळक्याने धाकटीच्या खोलीत यायची, पितळी पट्टीवरून बोट फिरवायची. कुणी मला एकोणीसने भागून पाहायचं, कुणी सदतीसने. मी कुणालाच दाद द्यायची नाही. एक मुलगी तर जाताना म्हणाली, "ही कुणापुढे वाकत नाही." मी इतकी फुगले, मित्रांनो, की पट्टीचे खिळे कसे निघाले नाहीत याचं मला आजही नवल वाटतं.

सभागृह बांधून झालं. पेंटरने शिडीवर चढून मला निळ्या रंगात लिहिलं. एकेक अंक माणसाच्या हाताएवढा उंच. माझ्या खाली 'मूळ संख्या', आणि त्याखाली मास्तरांचं नाव. उद्घाटनाला तीन दिवस होते. रंगमंचावर मागे लावायचा पडदा धाकटीकडे शिवायला आला होता, आणि गोष्ट फिरली ती त्या पडद्यापाशी.

कापड चौरस होतं, दहा हात लांब आणि दहा हात रुंद. पण शाळेच्या कोठारात पडून त्याच्या एका कोपऱ्याला गंजाचा डाग पडला होता. तो हातभर चौकोन धाकटीने कापून टाकला. मग तिने ते कापड खोलीभर पसरलं, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली आणि स्वतःशीच हसली. तिने त्या कापलेल्या कोपऱ्याच्या रेषेत सरळ कात्री चालवली. हातभर रुंदीची, नऊ हात लांबीची पट्टी वेगळी झाली. ती पट्टी तिने उचलली, फिरवली आणि उरलेल्या कापडाच्या दुसऱ्या बाजूला लावली. पाहता पाहता कोपरा तुटलेल्या चौरसाचा नीट आयत झाला. एक बाजू नऊ हात, दुसरी अकरा.

खुर्चीतून मास्तर पाहत होते. "वा," ते म्हणाले. "शंभरातून एक गेला, नव्व्याण्णव. नऊ अकरं नव्व्याण्णव. धाकटे, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवायला हवं? चौरसाचा कोपरा गेला आणि तो कोपराही चौरस असला, की नेहमी असाच आयत होतो. एक बाजू कोपऱ्याएवढी कमी, दुसरी कोपऱ्याएवढी जास्त. चाळीस वर्षं कापड वाचवतेय मी." टाचण्या लावता लावता तिने सहज विचारलं, "तुझ्या त्या संख्येला असं करून पाहिलंस का रे?"

"तिला काय करायचं?"

"तिच्याहून थोडा मोठा चौरस घ्यायचा. आणि बघायचं, किती कमी पडतं."

मास्तर हसले. बहिणीचं मन राखावं म्हणून त्यांनी कागद घेतला. "हिच्यावरचा पहिला चौरस म्हणजे नऊ हजार नऊशे नव्वदचा वर्ग," ते पुटपुटले आणि त्यांनी गुणाकार मांडला. नऊ कोटी अठ्ठ्याण्णव लाख शंभर. त्यातून मला वजा केलं.

उरले दोनशे एकोणनव्वद.

मास्तरांनी वजाबाकी पुन्हा करून पाहिली.  धाकटीने वर पाहिलं. "किती कमी पडतं?"

"दोनशे एकोणनव्वद."

"तो चौरस आहे का?"

"सतराचा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मग झालं की. एक बाजू सतराने कमी, दुसरी सतराने जास्त." धाकटी बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते. तिच्या हातातली टाचणी हातातच राहिली.

नऊ हजार नऊशे नव्वदातून सतरा गेले की उरतात नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. मास्तरांनी कपाटातून वही काढली. शेवटचं पान उघडलं. ९९७३ समोर बरोबरची खूण होती आणि रेघेखाली काही नव्हतं. त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "एवढाच केला नव्हता," ते म्हणाले. "बाराशे अठ्ठावीस केले, आणि हा एक केला नाही. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, या शेवटच्या संख्येने काय भाग जाणार आहे."

आणि मी? माझी अवस्था विचारू नका. दोन वर्षं जिचे पोवाडे गायले गेले, ती मी भागली जाणारी निघाले होते. भिंतीवरचे माझे निळे अंक मला टोचू लागले.

मास्तर त्याच दुपारी मोठ्या बाईंकडे गेले. परत आले तेव्हा चपला दाराशी तशाच वाकड्या टाकून खुर्चीत बसले. "त्या म्हणतात, पत्रिका वाटून झाल्या आहेत. कार्यक्रम होऊ दे. कुणी वही घेऊन भागायला बसणार नाही. महिन्याभराने हळूच तो शब्द पुसून टाकू."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही. धाकटे, तीस वर्षं मी त्या शाळेत मुलांच्या वह्यांवर लाल शाईने लिहिलं, पायऱ्या दाखवा म्हणून. आता त्यांच्यासमोर उभं राहून सांगू, की मीच पायरी गाळली?"

धाकटीने मशीन थांबवलं. "शिवण चुकली की मी लगेच उसवते, दादा. वरून दुसरी शिवण घातली, तर पुढे दोन्ही उसवाव्या लागतात. पण कापड तुझं आहे. तू ठरव."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सभागृह भरून गेलं होतं. मागे धाकटीने शिवलेला पडदा, पुढे टेबल, आणि टेबलाशेजारी फळा. तो फळा कार्यक्रमात नव्हता. मास्तरांनी सकाळी लवकर येऊन शिपायाकडून आणवून घेतला होता. सत्काराला त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा ते हार घ्यायला गेले नाहीत. ते फळ्याकडे गेले आणि त्यांनी खडू उचलला.

"एक भागाकार माझ्याकडून राहिला होता," ते म्हणाले. "आधी तो करतो."

त्यांनी माझं नाव लिहिलं, त्यापुढे ९९७३ लिहिलं आणि रेघ ओढली. मुलंही त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणू लागली. एकाचा भाग लागला. बाकी सहा. मग एक शून्य, दुसरं शून्य, तिसरं शून्य. शेवटी सातचा भाग लागला. नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर साते एकोणसत्तर हजार आठशे अकरा. वजाबाकी केली. मुलांचा आवाज बंद झाला. फळ्यावर बाकी शून्य होती.

"ही संख्या मूळ नाही," मास्तर म्हणाले. "मी बरोबरची खूण केली होती, पण भागाकार केला नव्हता. चूक संख्येची नाही. माझी आहे."

 मग मोठ्या बाई जागेवरून उठल्या. "त्या दिवशी घाई मी केली होती," त्या म्हणाल्या. "आणि परवाही मीच म्हटलं, नंतर बघू. हे सगळ्यांसमोर सांगायला हवं." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मास्तर, मग आता ही संख्या साधी झाली का?"

मित्रांनो, मी श्वास रोखून धरला. संख्यांना श्वास असता तर.

मास्तर वळले आणि भागाकाराच्या उत्तराखाली त्यांनी जाड रेघ ओढली. "ही बघ," ते म्हणाले. "नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. ही दहा हजारांच्या अलीकडची शेवटची मूळ संख्या. आणि ही दहा हजार सात. ही दहा हजारांच्या पलीकडची पहिली मूळ संख्या. दहा हजारांच्या दाराच्या दोन बाजूंना दोघी उभ्या आहेत, आणि त्यांच्या गुणाकारातून ही झाली आहे. एक आणि ती स्वतः सोडली, तर या दोघींशिवाय हिला कुणीही भागू शकत नाही. बाराशे अठ्ठावीस जणींना ही दाद देत नाही, ते मी स्वतः करून पाहिलं आहे. हिला साधी म्हणशील?"

मुलीने मान हलवली. "नाही."

"आणि हे मला सापडलं नाही. ज्यांना सापडलं त्या मागे बसल्या आहेत. धाकटे, इकडे ये."

धाकटी आली ती गळ्यातल्या टेपसकट. पडद्याच्या शेवटच्या टाक्यापर्यंत काम चालू होतं, टेप काढायची राहून गेली होती. तिने पिशवीतून हातरुमालाएवढं चौकोनी कापड काढलं, कोपरा कापला, पट्टी कापली आणि फिरवून जोडून दाखवली. एका मिनिटात तिने सगळ्या सभागृहाला माझं गुपित दाखवलं. मुलं बाकांवर उभी राहून पाहत होती. मास्तर तिच्या शेजारी उभे होते, आणि इतकं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या घटकेला माझ्या मनातली लाज कुठल्या कुठे गेली. कुणापुढे न वाकणारी म्हणून मी दोन वर्षं मिरवले होते, पण तो अभिमान उसना होता. आता मला माझे आईबाप ठाऊक झाले होते, आणि तेही केवढे मानी. माझ्या शेजारणींना विचारा. एक आहे सम आणि शून्याने संपणारी, दुसरी सम आणि दोनने संपणारी. कुणीही येतं आणि त्यांना भागून जातं. मला भागायला मात्र ठरलेल्या दोघीच लागतात.

दुसऱ्या दिवशी पेंटर शिडी घेऊन आला. त्याने 'मूळ संख्या' हे शब्द पुसले आणि तिथे '९९७३ × १०००७' असं लिहिलं. मग खाली वाकून विचारलं, "मास्तर, तुमचं नाव ठेवू की पुसू?"

"पुसा. बहिणीचं लिहा," मास्तर म्हणाले.

"माझं नको," धाकटी म्हणाली. "नाव वाचलं की लोक खरं मानून पुढे जातात. तिथे 'करून पाहा' एवढंच लिहा."

पेंटरने तसंच लिहिलं. त्याला बरीच वर्षं झाली. दरवर्षी नवी मुलंमुली माझ्यासमोर उभी राहतात, वही काढतात आणि भागाकार मांडतात. कुणाची बाकी आठ येते, कुणाची तीनशे. पुसतात आणि पुन्हा करतात. ज्याची बाकी शून्य येते, तो आधी वहीकडे बघतो, मग वर माझ्याकडे.

मित्रांनो, तुम्हीही कुणाचं ऐकून मला मान देऊ नका. अगदी माझंसुद्धा ऐकू नका. कागद घ्या, मला नीट लिहा, माझा एकही नऊ गाळू नका. शेवटच्या अंकापर्यंत भाग घाला, दारात कोणीही उभं असलं तरी. मी कुठे जात नाही. मी नऊ कोटी सत्त्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार आठशे अकरा आहे, आणि माझी परीक्षा कुणीही, कितीही वेळा घ्यावी.